चौथ्या कोपऱ्यावरची माती

आमच्या अमिल्को गावात कुणी डोन्या बार्बरा तेइकूला भित्री म्हटलं असतं, तर बाजारातल्या बायका पोट धरून हसल्या असत्या. टर्की विकणाऱ्याला ती अशी झापायची, की बिचारा पक्षी तिथेच टाकून पळायच्या बेतात असायचा. देवळाच्या बांधकामाला तिच्या घरातली माणसं जास्त धरली म्हणून ती एकदा पंचांच्या दारात जाऊन बसली होती, आणि पंच मागच्या दाराने गेले होते. तिचा आवाज एवढा मोठा होता तो भीतीमुळेच, हे आम्हां गावकऱ्यांना फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा हसायला कुणी उरलं नव्हतं.

तोलपान हे तिचं शेत. तळ्याच्या काठाला लागून काळी ओलसर जमीन, मधे मका, कडेला राजगिरा, आणि वरच्या अंगाला घायपाताची रांग. ते तिला आईकडून आलं होतं आणि आईला तिच्या आईकडून. आमच्यात खानदानी घरातली बाई लग्न होऊन दुसऱ्याच्या उंबऱ्यात गेली, तरी तिची जमीन तिचीच राहते. त्यात कुणाला नवल वाटत नसे. समुद्रापलीकडून गोरे कास्तियावाले आले तेव्हा त्यांना ते वाटलं, आणि मग आमच्यातल्याही काही जणांना सोयीने वाटायला लागलं.

या शेताला चार कोपरे. एकावर जुनं वाळुंजाचं झाड, दुसऱ्यावर पाण्याचा पाट वळतो, तिसऱ्यावर निवडुंगाचं बेट. चौथ्या कोपऱ्यावर नुसता बांध होता, वर गवत. त्या गवताखाली तोसी होती.

तोसी म्हणजे आमच्या जुन्या देवांमधली सगळ्यांची आजी. बाळंतिणींची ती, सुइणींची ती, घाम काढायच्या वाफेच्या न्हाणीचीही तीच. काळ्या दगडाची, कमरेएवढी, हातात झाडू घेतलेली. पिढ्यान्‌पिढ्या ती तोलपानच्या चौथ्या कोपऱ्यावर उभी होती आणि हद्दही तिच्यावरूनच धरायची. पाद्री आले, मूर्ती फोडायला लागले, तेव्हा बार्बराच्या आईने आणि सेंतेवा सुइणीने एका धुक्याच्या सकाळी तिथेच खड्डा केला आणि म्हातारीला आडवं निजवलं. बार्बरा, तेव्हाची नुसती तेइकू, परकरी पोर होती. तिला बांधावर राखण करायला उभी केली होती. कुणी आलं तर खोक, एवढंच सांगितलं होतं. कुणी आलं नाही, पण ती भीतीनेच इतकी खोकली की आईने खड्ड्यातून वर येऊन तिच्या पाठीत धपाटा घातला.

पुढे बाप्तिस्मा झाला, तेइकूची बार्बरा झाली, खानदानी म्हणून कास्तियावाल्यांच्या रीतीने डोन्याही झाली, लग्न झालं. त्याच सुमाराला तळ्यापलीकडच्या एका सरदाराच्या घराच्या भिंतीत असेच देव कोरलेले दगड सापडले. त्याला शहराच्या चौकात जाळलं. आजूबाजूच्या सगळ्या खानदानी घरांना बघायला बोलावलं होतं. नवी सून बार्बरा नवऱ्याच्या मागे उभी राहिली आणि धुराकडे पाठ करायची तिला परवानगी नव्हती. त्या दिवसापासून भाजलेल्या मांसाचा वास आला की ती उठून बाहेर जायची. लोक म्हणायचे, बाई नखरेल आहे.

मग साथ आली. नाकातोंडातून रक्त येऊन माणसं पटापट गेली. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. उरली एकटी मुलगी, मोसेल, अजून आईच्या पदराला धरून चालणारी. आणि उरला नवऱ्याचा धाकटा भाऊ, डॉन गास्पार.

गास्पार वाईट माणूस नव्हता, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे, कारण तो दिसायला देखणा होता. शोकाचे दिवस संपायची वाट न बघता तो वहिनीकडे आला, कोकोचं फेसाळ पेय प्यायला, ओठ पुसले आणि विषय काढला.

"वहिनी, तुम्ही एकट्या. शेताला गड्यांवर ओरडणारा पुरुष लागतो."

"ओरडायला पुरुष लागतो? भावोजी, माझा आवाज तुम्ही ऐकला नाहीत वाटतं कधी."

"चेष्टा नको. तोलपान दादा कसत होता. दादाचं ते माझं. शहरातून न्यायाधीश बोलावलाय मी. तो येईल, शेत चालून बघेल, साक्षी घेईल."

"येऊ दे की. शेत माझ्या आईचं आहे, सगळं गाव जाणतं."

"गाव निम्मं मेलं, वहिनी." त्याने वाटी खाली ठेवली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "चारही कोपरे दाखवाल ना त्याला? चौथासुद्धा?"

बार्बराच्या तोंडचं पाणी पळालं. हा लहानपणी त्याच बांधावर खेळलेला होता. त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आईसुद्धा तोसीला राजगिऱ्याचे लाडू वाहून आली होती. याला सगळं ठाऊक होतं. चौथा कोपरा दाखवला नाही, तर हद्द ठरत नाही आणि शेत जातं. दाखवला, आणि कुणी नुसती पहार मारून बघितली, तर शहराच्या चौकात लाकडं रचली जातात.

"दाखवीन," ती म्हणाली. तिची टकळी हातातून सुटून गडगडत त्याच्या पायापाशी गेली, ती त्याने वाकून उचलून दिली.

शेत गेलं असतं तर काय झालं असतं, हे कास्तियावाल्यांना नाही समजायचं. जमीन नसलेली खानदानी बाई म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाट्यावर मका वाटणारी बाई. आज ती वाटेल, उद्या मोसेल वाटेल, आणि मोसेलच्या पोटी जी येईल ती वाटतच जन्माला येईल. बार्बरा पोरीच्या इवल्या हातांकडे बघत राहायची.

साक्षीला जुनं माणूस हवं. साथीनंतर तोलपानच्या हद्दी तोंडपाठ असलेलं एकच माणूस गावात जिवंत होतं, ते म्हणजे सेंतेवा. सुईण आता फार म्हातारी झाली होती. डोळ्यांना सावल्या तेवढ्या दिसायच्या, पण पायांना वाट माहीत होती. बार्बरा तिच्याकडे गेली आणि दार लावून घेतलं.

"मावशी, नीट ऐक. पहिल्या तीन कोपऱ्यांवर काय बोलायचं ते बोल. चौथ्यावर नुसतं म्हणायचं, इथे हद्द संपते. वाकायचं नाही, हात लावायचा नाही, पुटपुटायचं नाही. पाद्रीसुद्धा येणार आहे."

"मला काय खुळी समजतेस? तुला या हातांनी बाहेर ओढलंय मी. उलटी येत होतीस, आठवतंय का?"

"मला कसं आठवेल, मावशी?"

"मग मला अक्कल शिकवू नकोस."

त्या आठवड्यात बार्बराने तिला तीनदा तेच सांगितलं, आणि म्हातारीने तिन्ही वेळा तिला घालवून दिलं. रात्री बार्बराचा डोळा लागेना. उजाडलं की ती झाडू घेऊन अंगण झाडायची, मग रस्ता झाडायची, मग शेजाऱ्यांचं अंगण. आमच्या बायका पहाटे झाडतात ते काही नुसतं केर काढायला नसतं, ती पूर्वी तोसीचीच सेवा होती. तिच्या ते ध्यानात आलं आणि ती रस्त्याच्या मधोमध झाडू घेऊन थिजली. मग झाडायचं सोडलं तर कुणाला संशय येईल म्हणून परत झाडायला लागली.

न्यायाधीश आला तो घोड्यावर. जाडजूड, घामेजलेला, पोटाने त्रासलेला माणूस. बरोबर कारकून, आमच्यातलाच एक तरुण दुभाष्या, आणि गावचे पाद्री फ्राय बेनितो. पाद्रीबाबा उंच, काटकुळे, आमची भाषा आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे, आणि त्यांची नजर सदा जमिनीकडे. लोकांना ती नम्रता वाटायची. बार्बराला वाटायचं, हे शोधतायत.

वाळुंजाखाली सेंतेवा खणखणीत बोलली. "हे झाड हिच्या पणजीनं लावलं. काडी होती, माझ्या आईनं पाणी घातलंय." कारकुनाने लिहिलं. पाटाच्या वळणावर ती म्हणाली की इथे गास्पारचा बाप एकदा नशेत पडला होता आणि हिच्या आईने त्याला तिच्याच हद्दीतून बाहेर काढला होता. लोक हसले. दुभाष्याने सांगितल्यावर न्यायाधीशही हसला. निवडुंगाच्या बेटाशीही सगळं सरळ झालं.

मग ते चौथ्या कोपऱ्याकडे निघाले. मोसेल आईचा हात धरून चालली होती. गास्पार शेजारून हळूच म्हणाला, "वहिनी, चेहरा पांढराफटक पडलाय. ऊन लागलं का?"

"तुमच्या तोंडाला लागलंय, भावोजी. जास्त चालतंय."

बांध दिसला. गवत वाऱ्याने हलत होतं. तिला वाटलं, गवत तिथेच जास्त हिरवं आहे, आंधळ्याला कळेल इतकं हिरवं.

आणि आंधळीलाच कळलं. सेंतेवाचे पाय बांधावर लागले आणि म्हातारी थांबली. कुणी काही विचारायच्या आत ती गुडघ्यांवर बसली, मधलं बोट जमिनीला टेकवलं, आणि बोटाला लागलेली माती जिभेवर ठेवली.

तिने मुद्दाम केलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जन्मभर ती त्या जागी आली की तेच करत आली होती, तिला ते केल्याचं कळलंही नाही. माती आम्ही दोनच वेळा खातो. देवापुढे खातो, आणि शपथ घेताना खातो. खोटी शपथ घेणाऱ्याला जमीन गिळते, हे अमिल्कोतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

फ्राय बेनितो पुढे आले. "ही बाई कुणाला नमस्कार करते आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं. "इथे तर काहीच नाही."

दुभाष्याने मान खाली घातली. त्याची आजीही सुईण होती. गास्पारच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि त्याने ते हाताने झाकलं. पाद्रीबाबांची नजर गवतावरून फिरत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बार्बराच्या नाकात तो जुना धूर शिरला. हातपाय गळाले, आणि त्या गळालेल्या पायांनीच ती खाली बसली, कारण उभं राहणं शक्यच नव्हतं. बसल्यावर हात जमिनीला लागला. तेव्हा तिला सुचलं. आधी नाही.

तिने बोट टेकवलं आणि माती जिभेवर ठेवली.

"पाद्रीबाबा, ती साक्ष देतेय," ती म्हणाली. "जमिनीची शपथ आमच्यात जमिनीवरच घेतात. मीही घेते. हे शेत माझ्या आईचं, तिच्या आईचं. इथे याची हद्द संपते. खोटं असेल तर हीच जमीन मला गिळू दे."

दुभाष्याला जणू बुडताना फांदी सापडली. त्याने भराभरा न्यायाधीशाला सांगितलं, की हो, असाच रिवाज आहे, शपथेचाच आहे, फार जुना आहे. न्यायाधीशाने भुवया उंचावल्या. पाद्रीबाबांच्या भुवया मात्र होत्या तिथेच राहिल्या.

भीतीने माणूस कधीकधी वेड्यासारखा पुढे पळतो. बार्बरा उठली, तोंड न पुसता गास्पारकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा तिच्या त्या बाजारातल्या आवाजात म्हणाली, "भावोजी, आता तुम्ही. शेत तुमचं आहे ना? मग खा माती. इथेच."

गास्पारचं हसू गेलं. "मी... मी क्रूसावर शपथ घेईन. मी ख्रिस्ती माणूस आहे."

"क्रूसावर नंतर घे," दुभाष्यामार्फत न्यायाधीश म्हणाला. त्याला जेवायची घाई होती. "बाईने रिवाजाप्रमाणे घेतली, तूही घे. बोट लाव आणि चल."

गास्पार वाकला. बोट पुढे केलं. ते जमिनीपासून वीतभर वर थांबलं. बार्बरा बघत होती. या देखण्या, गोड बोलणाऱ्या माणसाच्या कपाळावर दरदरून घाम फुटला होता. बांधाखाली कोण पडलंय हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्या खालच्या म्हातारीच्या छातीवर खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. आपल्याइतकंच घाबरलेलं माणूस बार्बराने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिला आनंद झाला नाही. तिला त्याची थोडी दयाच आली.

"मला पाठीत उसण भरलीय," गास्पार म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

न्यायाधीशाने हात झटकले. निकाल तिथेच झाला. त्याने बार्बराचा हात धरून तिला शेतात चार पावलं फिरवलं, ताबा घेतल्याची खूण म्हणून तिने गवत उपटलं, ढेकळं चारी दिशांना फेकली, आणि तोलपान सगळ्यांच्या देखत तिचं झालं. मोसेलनेही एक ढेकूळ फेकलं. ते कारकुनाच्या टोपीला लागलं.

सगळे निघाले, तेवढ्यात फ्राय बेनितो म्हणाले, "थांबा. माती खाऊन शपथ घेणं मला पसंत नाही. इथे क्रूस उभा करू. पुढच्या वेळी लोक त्याच्यापुढे शपथ घेतील. इथेच, या बाई बसल्या होत्या तिथे. आत्ताच खणा."

बार्बराला वाटलं, आपण इथे उभ्या उभ्या मुतणार. एक गडी खणायची काठी घेऊन पुढे झाला. साथीनंतर बाहेरून आलेला नवा गडी, त्याला काही माहीत नव्हतं, तो मन लावून खणणार. तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही. एवढा मोठा आवाज, आणि नेमका तेव्हा गेला.

गास्पारने काठी त्या गड्याच्या हातातून काढून घेतली.

"मी खणतो," तो म्हणाला.

"तुझी तर पाठ दुखत होती," पाद्रीबाबा म्हणाले.

"देवाच्या कामाला दुखत नाही, बाबा."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिला उमगलं. आता तोसी वर आली असती, तर पाद्रीबाबांचा पहिला प्रश्न गास्पारलाच असता, की तू शपथ घ्यायला का कचरलास, तुला काय माहीत होतं. लाकडांवर दोघं चढली असती. तो पाऊलभर बाजूला सरकून खणायला लागला. वरची माती निघाली, ओली माती निघाली, आणि मग काठीचं टोक कशावर तरी ठक्‌ वाजलं.

"काय लागलं?" पाद्रीबाबा जवळ आले. खड्ड्याच्या कडेवर त्यांच्या वहाणा बार्बराला दिसत होत्या, मातीने भरलेल्या, एक बंद तुटलेला. त्या बंदाकडे ती बघत राहिली.

"दगड, बाबा," गास्पार म्हणाला.

"मोठा आहे?"

"हलणार नाही असा."

"मग बरंच झालं. पाया पक्का मिळाला."

कुंपणाच्या दोन बल्ल्या घायपाताच्या दोरीने बांधून क्रूस केला. गास्पारने तो खड्ड्यात उभा केला, भोवती दगड ठोकले, माती ओढली, आणि पायाने इतकी दाबली इतकी दाबली की पाद्रीबाबांना म्हणावं लागलं, पुरे, पुरे.

असं शेत वाचलं. आमच्याकडे गोष्ट सांगणारे इथेच थांबतात आणि बार्बराच्या हुशारीला टाळी मागतात. मला त्यांचा राग येतो. तिची भीती त्या दिवशी संपली नाही, त्या दिवशी ती घरी राहायला आली.

क्रूसाभोवतीचं गवत वाढू द्यायची तिला धास्ती वाटे, आणि काढायचीही. शेवटी ती रोज पहाटे जाऊन झाडायला लागली. पाऊस झाला की माती वाहून दगड उघडा पडला का ते बघायला भिजत धावायची. फ्राय बेनितोंनी एका रविवारी सगळ्या गावासमोर सांगितलं, की डोन्या बार्बरासारखी भाविक बाई या तळ्याकाठी दुसरी नाही, क्रूसाखाली रोज झाडू मारते. बायका वळून बघायला लागल्या. बार्बराने मान खाली घातली, आणि लोकांनी तेही नम्रतेतच धरलं.

गास्पारचं आणि तिचं त्यानंतर कधी भांडण झालं नाही. मक्याची पहिली कणसं तो तिच्याकडे पाठवायचा, सणाला तिच्याकडचे पानात बांधून वाफवलेले तामाले त्याच्याकडे जायचे. दीर-भावजय असावीत तर अशी, असं गाव म्हणायचं. दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नसत, हे कुणी बघितलं नाही. उपवासाच्या दिवसांत पाद्रीबाबा एकेकाला बसवून पापं वदवून घ्यायचे. गास्पारची पाळी आली की बार्बरा देवळाच्या अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारायची. तो बाहेर आला की त्याचा चेहरा बघायची. तिची पाळी आली की तो तिथेच उभा असायचा. सेंतेवा मात्र मजेत जगली आणि झोपेत गेली. आपण काय करून बसलो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मोसेल मोठी झाली. आईसारखा आवाज नव्हता तिचा, ती कमी बोलायची आणि फार बघायची. तिचं लग्न ठरलं, आणि तोलपान तिला द्यायचं हेही ठरलं. त्याच वर्षी गास्पार तापाने अंथरुणाला खिळला. एका सकाळी निरोप आला, की डॉन गास्पारचं काही खरं नाही, पाद्रीबाबांना बोलवायला माणूस गेलाय.

बार्बराने मोसेलच्या हाती मक्याची पेज दिली आणि तिला घेऊन निघाली. पण सरळ गास्पारकडे गेली नाही. आधी तोलपानला गेली. क्रूसापाशी वाकून चिमूटभर माती घेतली आणि मक्याच्या पानात गुंडाळली. मोसेल मागे उभी राहून बघत होती.

गास्पार चटईवर पडला होता. देखणेपणा सगळा गेला होता, नुसते डोळे राहिले होते. बार्बराने त्याच्या बायकोला पाणी तापवायला पाठवलं. मोसेल पेज घेऊन तिथेच उभी राहिली.

"वहिनी, पाद्री येतोय."

"माहीत आहे, भावोजी."

"सगळं सांगावं लागतं म्हणतात. काही ठेवलं मागे तर आत्म्याची सुटका नाही."

"तुमचं सगळं सांगा. माझं सांगू नका. मोसेलचं लग्न आहे." तिने पान उघडून त्याच्यापुढे धरलं. थोडी माती त्याच्या छातीवर सांडली. "ही खा, आणि सांगा की बोलणार नाही."

गास्पारने मातीकडे बघितलं. कुठली आहे ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"त्या दिवशी माझ्याने खाववली नाही, म्हणून आज मरताना भरवताय?"

"मला दुसरं काही सुचत नाही हो, भावोजी."

"लोकांना वाटायचं, मी पाद्रीला भितो. मला वाटायचं, मी त्या खालच्या म्हातारीला भितो." तो धापा टाकत होता. "वहिनी, मी इतकी वर्षं तुम्हांलाच भीत आलो."

तिने बोटाने माती उचलून त्याच्या जिभेवर ठेवली. त्याला गिळता येईना, तिने वरून पेजेचा घोट दिला. तो म्हणाला, "नाही बोलणार." मग त्याने डोळे मिटले.

पाद्रीबाबा आले. तेही म्हातारे झाले होते, काठी टेकत होते. त्यांनी वाकून गास्पारचे ओठ कापडाने पुसले आणि कापड उजेडात धरून बघितलं.

"ही माती कसली?"

"शपथेची, बाबा," बार्बरा म्हणाली. "तोलपान मोसेलचं आहे, असं भावोजींनी सांगितलं."

"अजून माती खाता तुम्ही," ते थकून म्हणाले, आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

ते बराच वेळ आत होते. बार्बरा अंगणात भिंतीला टेकून बसली. आतून कधी एकाचा आवाज यायचा, कधी दुसऱ्याचा, शब्द कळायचे नाहीत. मग आवाज थांबले. पाद्रीबाबा बाहेर आले, गास्पार गेल्याचं सांगितलं, प्यायला पाणी मागितलं, आणि पिऊन झाल्यावर बार्बराच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. त्या हाताचा अर्थ तिला कळला नाही. पुढे कधीच कळला नाही.

घरी परतताना मोसेल मधेच थांबली.

"आई, मलाही खायला लावशील?"

"काय?"

"माती. मी मरायला टेकले की. किंवा मी कुणाला काही बोलेन असं तुला वाटलं की."

बार्बराला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. तिला एकदम दिसलं, की काकाच्या तोंडात माती घालणारा आपला हात पोरीने बघितला. त्या धुराला भिऊन ती जन्मभर पळत होती, आणि पळता पळता एका मरणाऱ्या माणसाच्या उशाशी तीच धूर होऊन उभी राहिली होती. ती रडायला लागली. रस्त्यावर, दिवसाउजेडी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

"तुला सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "लग्नाआधी. तिथे खाली..."

"सांगू नकोस." मोसेल तिच्याजवळ बसली. "मला माहीत आहे ग. पाऊस झाला की तू धावतेस, तेव्हा मी पण येऊन बघायची मागून. पण तू सांगितलंस की मग ते मला सांभाळावं लागेल. शेत मी घेईन, आई. तुझी भीती नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे बार्बरा सवयीने झाडू घेऊन तोलपानला गेली. बांध आधीच झाडलेला होता. मोसेल क्रूसाला पाठ टेकून, बरोबर त्या जागेवर मांडी घालून बसली होती, आणि आदल्या दिवशीचा थंड तामाला खात होती. खरकटं पान तिने बांधावरच ठेवलं होतं.

"ऊठ, ऊठ तिथून," बार्बराच्या तोंडावर आलं होतं. मोसेलने वर बघितलं, थोडी बाजूला सरकली आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

"ये, बस. अर्धा ठेवलाय तुझ्यासाठी."

त्या बांधावर बार्बरा लहानपणी राखणीला उभी राहिली होती, एकदा पाय गळून कोसळली होती, आणि रोज वाकून झाडत आली होती. आपण होऊन ती तिथे कधी बसली नव्हती. तिने झाडू खाली ठेवला, पोरीच्या खांद्याला धरलं, आणि बसली.